भोगीचा वाफा

परवा सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि खालून ओरडा ऐकू आला, "चाटू नकोस रे, आजी यायच्यात अजून!" शाल खांद्यावर टाकून मी तशीच जिना उतरले. पायांत मोजे, त्यावर चपला, केस विस्कटलेले. आमच्या सोसायटीच्या बागेत हरभऱ्यावर आंब धरली होती. थंडी नीट पडली की हरभऱ्याच्या पानांवर पहाटे एक आंबट ओल येते, तिला आंब म्हणतात. पानांवरून नुसतं बोट फिरवायचं आणि जिभेला लावायचं. डोळे आपोआप मिटतात, आणि एकमेकांचे मिटलेले डोळे बघून पोरं खिदळतात. पहिलं बोट माझं, असा इथला रिवाज आहे. तो मी पाडलेला नाही, मुलांनी पाडला. पण मी तो मोडूही दिलेला नाही.

सोसायटीतल्या काही जणींचं म्हणणं आहे की वाघमारेबाईंना त्या बागेचा फार गर्व आहे. आहेच. त्यात लपवण्यासारखं काय? आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता कुठे कुठे भेटतात, वाकून नमस्कार करतात, बरं वाटतं. पण या वाफ्यांपाशी उभं राहिल्यावर जे वाटतं, ते त्याहून वेगळं आहे. ते काय, हे सांगायचं तर मला त्या एका हिवाळ्यात परत जावं लागेल. थंडी आली की मी तशीही तिथेच जाते.

मोबाइलवर येणारे फोन तेव्हा नुकतेच फुकट झाले होते, त्यामुळे माणसं कारण नसताना फोनवर बोलत फिरायची. कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत कालपरवापर्यंत घरटी एक स्कूटर होती. मग एकेका घरातलं कुणी ना कुणी हिंजवडीच्या कंपनीत लागलं, आणि फाटकातून नव्या कोऱ्या गाड्या आत येऊ लागल्या. पुढे झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, मागोमाग पेढे. पेढे खाऊन झाले की सगळ्यांना एकच प्रश्न पडे, ही लावायची कुठे?

इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत जमिनीचा एक तुकडा पडून होता. बिल्डरने टाकलेला राडारोडा, विटांचे तुकडे आणि कमरेएवढं माजलेलं गाजरगवत. पानं गाजराच्या पानांसारखी दिसतात म्हणून त्याला लोक तसं म्हणतात. एरवी ते अगदी कुचकामी आणि त्रासदायक तण. अंगाला लागलं की खाज सुटते. तिथे फरशा बसवून गाड्या लावायची जागा करायची, असं जवळजवळ ठरलेलं होतं.

माझ्या डोक्यात मात्र आदल्या थंडीपासून काहीतरी घोळत होतं. एकदा मी मंडईतून हरभऱ्याची जुडी आणली आणि घरात जाईपर्यंत दम निघेना, म्हणून खालच्या पायरीवरच बसून घाटे सोलून खायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांची मृण्मयी शेजारी येऊन बसली. पाचवीतली मुलगी, नाकावर चष्मा. तिने जुडी उलटीपालटी करून पाहिली. पाकिटावर लिहिलेलं असतं तसं यावर कुठे काही लिहिलंय का, ते शोधत होती. मग म्हणाली, "काकू, हे असंच खाल्लेलं चालतं?" मी म्हटलं, चालतं. तिने एक दाणा तोंडात टाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेली जुडी जवळजवळ एकटीने संपवली. मी शाळेत तिच्याएवढ्या मुलींना बीजांकुरण शिकवत होते. फळ्यावर आकृती काढून, नावं देऊन. मला त्या आकृतीचा कंटाळा आला.

पावसाळा सरता सरता मी ती जागा मागायला गेले. सोसायटीचे सचिव होते आपटे. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, नारायण पेठ सोडून कर्वेनगरात आलेले. आले ते पेठेतलं तिरकस बोलणं बरोबर घेऊनच.

"बाई, आपल्याला आपली शाळा पुरत नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही पुरत," मी म्हटलं.

"बरं. संक्रांतीपर्यंत करा शेती. त्या मातीतून भोगीची भाजी निघाली, तर त्याच दिवशी सभा घेऊ आणि ठरवू. नाही निघाली, तर फरशीवाला तयारच आहे. तो आपल्यासारखा ऋतूची वाट बघत नाही."

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. थंडीत जे जे पिकतं, वांगी, पावटा, घेवडा, गाजर, ओले हरभरे, ते सगळं त्या दिवशी एका भांड्यात शिजतं. वर तिळाचं कूट, सोबत बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी हे सण नाहीत. पण थंडीतल्या सगळ्या भाज्या एकत्र शिजवायला सण कशाला लागतो? माझी आई ती भाजी करायचीच. आमच्याकडे तिला 'मिसळीची भाजी' म्हणायचे आणि ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागायची.

सगळ्यांत जास्त नाराज झाले ते माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पोस्टातून निवृत्त होऊन ते हडपसरला आमच्या जुन्या घरात राहत होते. मी मोठ्या उत्साहाने सांगायला गेले तर त्यांनी वर्तमानपत्र खालीसुद्धा ठेवलं नाही.

"मातीत हात घालायला लागू नये म्हनून शिकीवलं तुला. आन तू परत तितंच निघालीस? कुनाची हाय ती जागा?"

"सोसायटीची."

"म्हंजे दुसऱ्याचीच की."

हडपसर गाव होतं तेव्हा आमची माणसं तिथल्या दुसऱ्यांच्या मळ्यांतून राबली. आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर तळहाताएवढी जमीन नव्हती. त्या मळ्यांवर आता काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि दादा बस थांब्यावर उभं राहून त्यांच्याकडे बघत. मला तो टाकीमागचा तुकडा राहायला हवा होता. मुलांसाठी हवा होता हे खरंच, पण मलाही हवा होता. तो गेला असता तर दादांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं.

तर आम्ही लागलो. राडारोडा वेचून कडेला बांध घातला. गाजरगवत मी एकटीने काढलं, हातमोजे घालून. मुलांना त्याला हात लावू दिला नाही, ते लांबून काठीने दाखवायचं असा नियम होता. खाली काळी माती निघाली तेव्हा मुलं अशी ओरडली की वरच्या मजल्यावरची माणसं बाल्कनीत आली. गाजराचं बी इतकं बारीक की मुठीतून एकदम सांडतं, म्हणून ते वाळूत कालवून पेरलं. हरभरा बोटाने भोकं पाडून एकेक दाणा टोकला. पावट्याचे वेल भिंतीवर चढवले. वांग्याची रोपं मी आधीच कुंडीत वाढवून ठेवली होती. रोज संध्याकाळी मुलं डबडी घेऊन पाणी घालायची आणि निम्मं पाणी एकमेकांच्या अंगावर. एक पोरगा रोज हरभरा उकरून, उगवलाय का ते बघून परत पुरायचा. त्याच्या ओळीतलं काहीच उगवलं नाही आणि त्याला ते फार लागलं.

या मुलांच्या घरी तेव्हा भाषाच वेगळी होती. आईवडील अमेरिकेच्या घड्याळावर जगायचे. मृण्मयीने एकदा गंभीरपणे विचारलं, "काकू, हरभऱ्याची डेडलाइन कधी आहे?" मी म्हटलं, थंडीला विचार. दुसऱ्या दिवशी ती स्वेटर न घालता खाली आली. म्हणे, थंडी किती झाली ते बघतेय. मला तिला रागवायचं होतं, पण जमलं नाही.

मार्गशीर्षात पावट्याला फुलं आली. पावट्याच्या वेलाला एक तेलकट, उग्र वास असतो. कपड्यांना लागला की घरापर्यंत येतो. आया तक्रार करू लागल्या. मुलं मुद्दाम वेलाला अंग घासून घरी जाऊ लागली. हल्ली दहा मिनिटांत भाजी दारात येते, सोललेली, निवडलेली, धुतलेली. चांगली सोय आहे, मीही मागवते. पण पावट्याचा तो वास काही पिशवीतून येत नाही. आताच्या मुलांना तो खाली येऊनच घ्यावा लागतो, आणि ती येतात.

मग तो रविवार आला. सोसायटीचे पदाधिकारी दुपारी बाग बघायला येणार होते. मी सकाळी दादांना भेटायला हडपसरला गेले होते, मुलं शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमीला. मृण्मयीचे बाबा शिरीष, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. आपल्या मुलीच्या बागेसाठी आपणही काही करावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी इतर आईवडिलांना गोळा केलं आणि श्रमदान ठरवलं. बाग साफसूफ करून मुलांना चकित करायचं. आपट्यांनी वर्तमानपत्रात वाचलेलं सांगितलं की गाजरगवताने दमा होतो, ते पहिलं काढा. झालं. तोंडाला रुमाल, हातात मोजे घालून ही शिकलीसवरलेली मंडळी वाफ्यात उतरली, आणि जे जे नाजूक, झिरमिळ्या पानांचं दिसलं ते मुळापासून उपटत गेली. मुळाला बारीक केशरी काही लटकतंय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रुमालामुळे वासही आला नसावा.

मी परतले तेव्हा कुंपणापाशी गाजराच्या पाल्याचा ढीग पडला होता आणि शिरीष अभिमानाने घाम पुसत उभे होते.

"काकू, सगळं काढलं बघा! एक काडी ठेवली नाही."

तेवढ्यात तालमीहून मुलं आली. मृण्मयी ढिगापाशी गेली. तिने एक रोप उचललं, पानं चुरगाळली आणि नाकाशी धरली. मग तिच्या बाबांच्या नाकाशी धरली. शिरीषनी रुमाल खाली केला, वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा," ती म्हणाली, "ही गाजरं होती."

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने ढीग उपसायला घेतला. करंगळीएवढी गाजरं, काही तर उंदराच्या शेपटीइतकी. मुलांनी नळाखाली धुतली आणि तिथेच, उभ्या उभ्या, कच्ची खाल्ली. मला मात्र इकडे रडू कोसळत होतं. महिनाभरावर भोगी. गाजर पुन्हा पेरून तयार होणं शक्य नव्हतं. आपट्यांनी ढिगाकडे एक नजर टाकली आणि ते निघून गेले, तेव्हा मला फरशीवालाच डोळ्यांपुढे दिसला.

संध्याकाळी मुलं माझ्या दारात आली. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. भिंतीकडची, पावट्याच्या वेलांआडची एक ओळ वाचली होती. श्रमदान चालू असताना क्रिकेटची मॅच सुरू झाली आणि पुरुषमंडळी वर पळाली, म्हणून. त्या ओळीभोवती आता दोरी बांधायची. आणि दुसरी गोष्ट, मोठ्यांची परीक्षा घ्यायची.

"कसली परीक्षा?" मी विचारलं.

"पानांची," मृण्मयी म्हणाली. "डोळे बांधून. पास होईल त्यालाच वाफ्यात पाय ठेवता येईल. बाकीच्यांनी बांधावरून बघायचं."

ती परीक्षा मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या रविवारी प्लास्टिकच्या खुर्चीत आईवडिलांना एकेक करून बसवलं, ओढणीने डोळे बांधले आणि मुलांनी हातात पान दिलं. चुरगाळा, हुंगा, सांगा. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करत होती, ती माणसं मेथीला कोथिंबीर म्हणत होती. एका आईने वांग्याचं पान गालावर फिरवलं, त्याची लव गालाला लागल्यावर तिला काहीतरी आठवलं, आणि तिने बरोबर ओळखलं. तिचा मुलगा आनंदाने नाचला. शिरीष तीनदा नापास झाले. दर वेळी मुलगी शांतपणे सांगे, "बाबा, नीट हुंगा. घाई नको." मी तिच्याकडे बघत राहिले. हे वाक्य मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

आपटे आपणहून खुर्चीत येऊन बसले. त्यांना पावटा दिला. बराच वेळ हुंगून म्हणाले, "इतकी वर्षं मंडईत जातोय, पण एकाही भाजीवालीने मला डोळे मिटायला सांगितलं नाही. नापास करा." मुलांनी केलं. पुढच्या रविवारी परत आले, पास झाले, आणि वाफ्यात पाय ठेवण्याआधी त्यांनी चपला काढल्या.

उपटणाऱ्यांना मुलांनी शिक्षाही दिली. कात्रजच्या पलीकडे शिरीषच्या ओळखीचा एक गोठा होता, तिथलं शेणखत त्यांनी स्वतःच्या नव्या गाडीतून आणायचं. त्यांनी आणलं. डिकीत पोती भरून, काचा खाली करून. पुढे कित्येक दिवस ते त्याच गाडीतून हिंजवडीला जात होते, आणि सांगत होते की एकांत मिळतो, कुणी लिफ्ट मागत नाही.

भोगीला थंडी कडक होती. टाकीमागेच विटांची चूल मांडली. मसाल्यावरून बायकांत जुंपली, गोडा की कांदा-लसूण. मुलं भुकेली होती, त्यांनी निकाल दिला, काकूंची चूल तर काकूंचा मसाला. वाचलेल्या ओळीतली गाजरं मृण्मयीने स्वतः चिरली, इतकी बारीक की प्रत्येकाच्या वाट्याला एखादा तरी तुकडा यावा. भाजी मी केली. माझ्या आईची, मिसळीची. दादा आले होते. येणार नाहीत असं म्हणाले होते, पण आले, इस्त्रीचा सदरा घालून. मुलांनी त्यांना पहिलं पान वाढलं. दादा जेवत नव्हते, बघत होते. कोण कुणाच्या पातेल्यातून वाढून घेतंय, ते बघत होते. आपट्यांनी भाकरीने ताटली पुसली आणि ताटली परत माझ्यापुढे धरली. "बाई, हातचं राखू नका," ते म्हणाले. तेव्हा दादांनी पहिला घास घेतला.

जेवणं झाल्यावर तिथेच, वाफ्याच्या कडेला सभा भरली. आपटे उभे राहिले.

"विषय, गाड्या लावण्यासाठी जागा. ज्यांना ही जागा त्यासाठी हवी आहे, त्यांनी हात वर करावा. हात धुतलेले असतील तर."

लोक हसले. पण मी हसले नाही. माझं लक्ष शिरीषकडे होतं. सगळ्यांत जास्त गरज त्यांनाच होती, त्यांची गाडी रोज रस्त्यावर उभी असायची, एकदा कुणी आरसाही तोडून नेला होता. तिकडे कोपऱ्यात दोन हात वर झाले, इकडेतिकडे बघून एक खाली आला. शिरीषचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, आणि ते तिथेच राहिले. आपट्यांनी घसा खाकरला. "जागा बागेची. फरशीवाल्याला मी कळवतो. त्याला म्हणावं, ऋतू बदलला."

मुलांनी जो गिल्ला केला, तो अजून माझ्या कानात आहे. ती मुलं आता कुठे कुठे आहेत. मृण्मयी हडपसरच्या एका काचेच्या इमारतीत काम करते, आणि तिच्या मुलाने या हिवाळ्यात पानांची परीक्षा पहिल्या फटक्यात पार केली. शिरीष आजोबा झाले, गाडी अजून रस्त्यावर लावतात आणि अजून कुरकुरतात. आपटे गेले, दादाही गेले. वाफे आहेत.

त्या दिवशी सगळी पांगल्यावर दादा एकटेच हरभऱ्यापाशी उभे होते. मी भांडी आवरत होते. उन्हं कलली होती, गारठा वाढला होता. मी शाल घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"पुढल्या साली काय लावनार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा," मी सहज म्हणून गेले.

दादांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग पुन्हा वाफ्यांकडे. मला वाटलं, माझं काही चुकलं. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"माझा बा जल्मभर रानात राबला," ते म्हणाले. "पन त्याला हे कुनी कधी इचारलं न्हाई. काय लावायचं म्हनून."

दादांनी डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि पोस्टातल्या माणसाच्या नीटनेटकेपणाने वाफे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलांनी मोजून आले.

"भुईमूग," ते म्हणाले. "तितल्या कडंला. आन पोरांना सांग, मी येनार हाय पेरायला."